सातबारा वर्गात आणा



  

समाजशास्त्रांच्या शिक्षकांच्या या परिषदेत अध्यक्षाने विषयाचा आढावा घ्यावा असा प्रघात आहे. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, त्याला धरून आलेला २०२४ चा राज्य अभ्यासक्रम आराखडा, बदलणारी पाठ्यपुस्तकं या सगळ्यावर इथे परिसंवाद ठेवलेले आहेत आणि त्यांतले वक्ते तयारीने आले आहेत. मी माझा वेळ एकाच गोष्टीला देणार आहे. प्रशिक्षण वर्गांत, मुख्याध्यापकांच्या खोलीत, अभ्यासगटांच्या बैठकांत ही गोष्ट मी वर्षानुवर्षं मांडत आले आणि दर वेळी वेळ संपली म्हणून ती पुढच्या बैठकीवर गेली. ती पुढची बैठक आज आहे असं मी समजते.

माझं म्हणणं असं आहे की समाजशास्त्रांच्या वर्गात मूळ कागद आला पाहिजे. पाचवीत आला पाहिजे, दहावीत आला पाहिजे, बी.एड.च्या वर्गात आणि प्रौढांच्या वर्गातही आला पाहिजे. ग्रामीण महाराष्ट्रात त्याची सुरुवात सातबाऱ्यापासून, म्हणजे जमिनीच्या उताऱ्यापासून होते.

मी इंदापूर तालुक्यात, उजनी धरणाच्या पाणफुगवट्याकाठच्या एका गावात नोकरीला लागले. आपल्या विषयाच्या दृष्टीने या तालुक्याचं महत्त्व मोठं आहे. प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याची जमीनमोजणी फसल्यावर गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३६ मध्ये नव्या पद्धतीने काम सुरू केलं ते इंदापुरात. शेताला नंबर, हद्दीला दगड, जमिनीच्या प्रतीवरून आकार आणि तीस वर्षांसाठी ठरलेला सारा, ही रयतवारीची घडी तिथे बसली आणि मुंबई इलाखाभर गेली. मुदत संपल्यावर सारा वाढला. त्याच सुमारास अमेरिकेतलं यादवी युद्ध संपून कापसाचे चढे भाव कोसळले होते. मग १८७५ च्या मे महिन्यात शेजारच्या सुप्यात बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या पेढ्यांवर चाल केली. त्यांचा रोख कर्जरोख्यांवर होता. ज्यांना अक्षर वाचता येत नव्हतं, त्यांना आपल्याला बांधून घालणारा कागद कोणता हे बरोबर ठाऊक होतं. दख्खनचे दंगे म्हणून पुस्तकात जे येतं ते दोन-चार ओळींत उरकतं. मुलं कारणं पाठ करतात आणि परिणाम पाठ करतात. कर्जरोखा कसा दिसतो, त्यावर अंगठा कुठे असतो, व्याज कुठे लिहिलेलं असतं, हे बघितलेला मुलगा मला पेपर तपासताना भेटला नाही.

दहावीचं इतिहासाचं सध्याचं पुस्तक २०१८ मध्ये आलं. त्याचा पहिलाच पाठ इतिहासलेखनाच्या पाश्चात्त्य परंपरेवर आहे. मूळ कागदपत्रांच्या आधाराशिवाय इतिहास लिहू नये, असा आग्रह धरणारा इतिहासकार रांके त्यात आहे. पाठ चांगला आहे, तज्ज्ञांनी विचारपूर्वक लिहिला आहे. पण रांकेवर दोन गुणांचं उत्तर लिहिणाऱ्या मुलाने आयुष्यात एकही मूळ कागद हातात घेतलेला नसतो. हे मला असह्य होतं, आणि त्याहून असह्य होतं ते याचं आपल्यातल्या कोणालाच काही न वाटणं.

वयाचा प्रश्न आपल्याकडे फार चघळला जातो. लहान मुलांना गोष्ट सांगा, मधल्यांना माहिती द्या, साधनं एम.ए.साठी ठेवा, अशी वाटणी आपण मनाशी करून टाकली आहे. मानसशास्त्रज्ञ पियाजेचा आधार दिला जातो की अमूर्त विचार अकराव्या-बाराव्या वर्षापासून सुरू होतो. दुसऱ्या बाजूने ब्रूनरचं १९६० चं पुस्तक पुढे केलं जातं, कारण कोणताही विषय कोणत्याही वयाच्या मुलाला प्रामाणिकपणे शिकवता येतो असं त्याचं मत होतं. या वादात माझे काही जवळचे मित्र दोन्ही बाजूंना आहेत. मी त्यांना माझ्या पाचवीच्या वर्गातलं सांगते.

परिसर अभ्यासाचा तास होता. तलाठी सज्जातून जुन्या फेरफाराची, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदीची, नक्कल काढून, नावं झाकून, मी फळ्यावर उतरवून घेतली होती. एक खातेदार मयत, वारस म्हणून तीन मुलगे, दोन मुली आणि विधवा यांची नोंद. त्याच्या खाली पुढचा फेरफार होता आणि त्यात दोन्ही मुलींनी हक्क सोडल्याची नोंद. मी एवढंच विचारलं की पहिल्या कागदावर किती माणसं आहेत आणि दुसऱ्यावर किती. मुलांनी मोजलं. मग तिसऱ्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "बाई, त्यांनी सोडला का त्यांच्याकडून सोडवून घेतला, हे यात कुठं लिहिलंय?" ती दहा वर्षांची होती. कागद काय सांगतो आणि काय सांगत नाही, हा संशोधकाचा पहिला प्रश्न तिने कोणीही न शिकवता विचारला. त्या दिवसापासून पियाजे-ब्रूनर वाद माझ्यापुरता मिटला आहे.

गोष्टीला माझा विरोध आहे असं कोणी समजू नये. चौथीतलं शिवचरित्र आपल्या सगळ्यांच्या मनात घर करून आहे आणि ते तसंच राहावं. पण त्याच शिवकाळात अण्णाजी दत्तोंनी जमिनीची मोजणी करवली, त्यासाठी पाच हात पाच मुठींची काठी ठरली, हे आपण रिकाम्या जागा भरा मध्ये विचारतो. माझ्या वर्गात मुलांनी वेळूची काठी घेतली, आपल्यातल्या सर्वांत उंच मुलाचे हात आणि मुठी मोजून ती तोडली आणि शाळेचं मैदान मोजलं. दुसऱ्या गटाने बुटक्या मुलाचे हात धरले, त्यांचं मैदान मोठं निघालं. दोन गटांत तिथेच भांडण लागलं. काठी कोणाच्या हाताची, हे राज्यकर्त्याला ठरवून द्यावंच लागतं, हे मला सांगावं लागलं नाही.

आता नेहमीचा आक्षेप. दर वेळी कोणीतरी उठून म्हणतं की बाई, ज्यांच्या घरात सातबाराच नाही त्या मुलांनी काय करायचं? भूमिहीनांच्या मुलांना तुम्ही वर्गात उघडं पाडणार का? प्रश्न सद्भावनेचा आहे, म्हणून उत्तर सविस्तर देते.

माझ्या आठवीच्या वर्गात धरणग्रस्त वस्तीतला एक मुलगा होता. वडील ऊसतोडीला जात. आम्हाला जमीन नव्हतीच, असं तो ठामपणे सांगायचा. आम्ही तेव्हा पाण्याखाली गेलेल्या एका शिवाराचे जुने फेरफार बघत होतो. तहसीलच्या अभिलेख कक्षातून ते मिळवायला मला बरेच हेलपाटे पडले होते. त्यांत वतनाच्या जमिनीच्या नोंदी निघाल्या. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतनं, म्हणजे महार वतनही, रद्द झाली आणि जमिनी ठरावीक रक्कम भरून नव्या शर्तीवर परत देण्यात आल्या. त्या नोंदींत मुलाने पणजोबांचं नाव ओळखलं. दुसऱ्या दिवशी आजोबांना घेऊन तो शाळेत आला. आजोबा फळ्यासमोर उभे राहिले, चष्मा नव्हता, म्हणून नातवाने वाचून दाखवलं: एकर, गुंठे, आकार, शर्त आणि शेवटी धरणाच्या संपादनाची नोंद. मुलाने विचारलं, मोबदला कोणाला मिळाला? त्या कागदात त्याचं उत्तर नव्हतं. आजोबांनी मात्र अर्धा तास वर्गाला सांगितलं, काय पिकायचं, शाळू किती व्हायचा, नदीकाठी हरभरा कसा यायचा, पाणी चढायला लागलं तेव्हा घराचे वासे कसे काढून नेले. आपल्याकडे जमीन नव्हती ही समजूत घेऊन तो मुलगा मोठा झाला असता. उघडं पडण्याची भीती वाटते ती आपल्याला, मुलाला नव्हे.

आणि सातबारा नसेल तर शाळेचं जनरल रजिस्टर आहे, कोतवाल बुकातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी आहेत, गायरानाचा उतारा आहे. मुंबईच्या रात्रशाळेत शिकवणाऱ्या सहकाऱ्यांसाठी चाळीच्या भाडेपावत्या आहेत, गिरणीतल्या पगाराच्या चिठ्ठ्या आहेत. कागद प्रत्येकाच्या घरात आहे.

प्रौढांबद्दल तर आपल्या परिषदेत बोललंच जात नाही, जणू समाजशास्त्र शाळेच्या फाटकाशी संपतं. जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा चालवली आणि १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिताना सारा, मोजणी, कुलकर्ण्यांचं दप्तर यांची चिरफाड केली. त्यांच्यापुढे प्रौढ विद्यार्थीच होता. साक्षरता मोहिमेच्या काळात आमच्या गावात बायकांचा वर्ग मी घेत असे. अंकलिपीला एक मावशी कंटाळायच्या. एकदा त्यांनी कमरेच्या पिशवीतून घडी घातलेला सातबारा काढला आणि म्हणाल्या, हे वाचायला शिकवा. नवरा वारला होता. त्यांना गट नंबर आकारावरून ओळखता येत होता, बाकी काही नाही. कब्जेदाराच्या रकान्यात दिराचं नाव होतं आणि पुढे ए.कु.मॅ., म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. त्यांनी मनापासून शिकलेली पहिली अक्षरं ही तीन. स्वतःचं नाव त्यांनी वरपासून खालपर्यंत बोट फिरवून शोधलं. सापडलं नाही. मग आमच्या वर्गात १९५६ चा हिंदू वारसा कायदा आला, विधवेचा हिस्सा आला, पुढे १९९४ मध्ये महाराष्ट्राने आणि २००५ मध्ये देशाने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत दिलेला बरोबरीचा हक्क आला. नागरिकशास्त्राचा इतका जिवंत तास मी शाळेत घेतलेला नाही. त्या बायकांनी टिपण घेतलं नाही, पण एकही मुद्दा विसरल्या नाहीत.

भूगोलाच्या शिक्षकांनी सातबाऱ्यातला गाव नमुना बारा, म्हणजे पिकांची नोंद, एकदा निवांत वाचावा अशी माझी विनंती आहे. हंगाम, पीक, सिंचित, अजल सिंचित, पडीक. एका गटाची चाळीस वर्षांची पीकपाहणी एकाखाली एक लावली की रब्बी ज्वारी, करडई, मग ऊस, मग कुठे डाळिंब असा आमचा तालुका कसा बदलला ते आठवीचं मूल सांगतं. पाणी कोणाच्या शेतात आधी आलं हेही त्याला दिसतं. आकडेवारीच्या तक्त्यावरून ते दिसत नाही, कारण तक्त्यात शेजारी नसतो.

अशा तासांबद्दल एकदा शाळा तपासणीत माझ्याविरुद्ध शेरा पडला. विषयबाह्य कागद वर्गात वापरले, घटक नियोजन पाळलं नाही, असा तो होता. मी त्याचं लेखी उत्तर दिलं होतं आणि आजही तेच उत्तर देईन. विषय पुस्तकात संपतो असं मानणाऱ्याने समाजशास्त्राची तपासणी करू नये. इतिहासाचे तास ज्याचा कार्यभार कमी पडतो त्याच्या माथी मारायचे आणि मग त्याने पुस्तक वाचून दाखवलं की समाधान मानायचं, ही आपल्या शाळांतली रीत या शेऱ्याचीच सख्खी बहीण आहे.

२०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. त्यामागच्या मराठा आरक्षणाच्या मागणीच्या बाजूने किंवा विरोधात मी इथे बोलत नाही. माणसं शाळांत येऊन जनरल रजिस्टरं मागू लागली, कोतवाल बुकं उघडली गेली, मोडी वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. कित्येक शाळांत रजिस्टरं वाळवीने खाल्लेली निघाली. ज्या समाजाने दहा वर्षं इतिहास शिकून पास होण्याची सोय केली, त्याला आपल्याच पणजोबाची नोंद वाचायला माणूस मिळेना. वि. का. राजवाडे गावोगावी फिरून दप्तरं गोळा करत होते त्याला शंभरांहून अधिक वर्षं लोटली. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा त्यांचा पहिला खंड १८९८ चा. त्यांचं नाव आपण प्रत्येक परिषदेत घेतो. त्यांची सवय मात्र एकाही वर्गात नेत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आपल्या संघाने काही कामं हाती घ्यावीत. प्रत्येक जिल्ह्यातून निवडक कागदांचा, नावं झाकलेला, वयोगटांनुसार लावलेला संच तयार व्हावा. तिसरीला आपल्याकडे जिल्हावार परिसर अभ्यासाचं पुस्तक आहे, त्याला जोडून हे करता येईल. बी.एड.च्या छात्राध्यापकांना एक तरी फेरफार वाचता यावा. मोडीचे वर्ग सुट्टीत व्हावेत. अंतर्गत मूल्यमापनाचे वीस गुण या कामाला वापरता येतील का, ते मंडळाकडे मांडावं लागेल. तपशील समिती ठरवेल. समिती कोणाची असावी यावर दुपारी बोलू.

शाळेतली जुनी रजिस्टरं रद्दीत देऊ नयेत, असा ठराव मी खुल्या अधिवेशनात मांडणार आहे. ज्यांचा विरोध असेल त्यांनी तिथे उभं राहून बोलावं. मागच्या टेबलावर इंदापूर तालुक्यातल्या फेरफारांच्या छायाप्रती ठेवल्या आहेत. जाताना प्रत्येकाने एक घ्यावी आणि सोमवारी वर्गात न्यावी.