मूल जेवत नाही म्हणून
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



‘मुलांचा आहार’ या विषयावर चार शब्द बोलावेत, अशी मंडळाने मला आज्ञा केली आहे. विषय मोठा आहे. मी त्यातला एकच कोपरा धरते. तो म्हणजे ‘आमचे मूल जेवतच नाही’ हे घरोघरचे गाऱ्हाणे.

आपल्या बेगडेवाडीत सकाळची लोकल गाठायची म्हणून कित्येक घरांत उजाडण्यापूर्वीच गॅस पेटतो. तशात या गाऱ्हाण्यापायी बाईचे तीन-तीन स्वयंपाक होतात. मोठ्यांना भाकरी-पिठले, धाकट्याला तूप-साखर-पोळी, थोरलीला पाकिटातल्या शेवया. आणि बाई स्वतः? सगळ्यांच्या ताटांत उरले असेल ते उभ्याउभ्या तोंडात टाकते.

आधी एक हिशेब सांगते. जन्मतः तीन किलोचे मूल वर्षाचे होईतो सुमारे नऊ किलोचे, म्हणजे तिप्पट होते. पुढे दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान ते वर्षाकाठी दोनच किलोंच्या आसपास वाढते. वाढ मंदावली की भूकही मंदावते. काल वाटीभर भात खाणारे पोर आज चार घासांत उठले, तर ते बहुधा आजारी नसते, त्याचे पोट भरलेले असते. नव्या पदार्थाची भीतीही याच वयात वाटू लागते. मात्र वजन वाढायचे थांबले, किंवा दर घासाला ठसका लागू लागला, तर डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे. अंगणवाडीत वजन करतात. तिथला तक्ता आवर्जून पाहात जावा.

अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी १९८० च्या दशकात एक वाटणी सांगितली. काय वाढायचे, केव्हा आणि कुठे बसून, हे आईबापांनी ठरवावे. खायचे की नाही आणि किती, हे मुलाने. ऐकायला सोपे, पण आजीला पटवणे कठीण! ‘पोर उपाशी निजले’ हे तिला सोसवत नाही. म्हणून माझी तोड अशी : स्वयंपाक एकच करावा, पण त्यात मुलाच्या ओळखीचा एक पदार्थ नेहमी असावा.

आपल्याकडे तो पदार्थ म्हणजे मऊ भात. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ साली दिलेला इंद्रायणी हा आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातला. शिजला की चिकट आणि सुवासिक. जास्त पाण्यात मऊ शिजवून वर तूप-मेतकूट घातले की सहसा कोणी नाही म्हणत नाही. मेतकुटात डाळी, तांदूळ, गहू सारे येते. वरणाला तिखट घालण्याआधी मुलापुरते वाटीत काढून घ्यावे आणि त्यावर लिंबू पिळावे. डाळी-पालेभाज्यांतले लोह अंगी लागायला लिंबाची मदत होते.

या भाताशेजारी शेपू, मेथी किंवा कुळथाचे पिठले, जे सगळ्यांना केले असेल ते, बोटभरच वाढावे. खाल्ले नाही तर बोलू नये. चार दिवसांनी पुन्हा वाढावे. आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही, समोर आल्यावर मूल एखादा पदार्थ स्वीकारते, असे पाहण्यात आले आहे. आपण तीनदा वाढून ‘याला आवडतच नाही’ असा शिक्का मारतो. पालक कणकेत लपवायची युक्तीही पुष्कळजणी करतात. वाईट नाही, पण त्याने मुलाची पालकाशी ओळख होत नाही. त्यापेक्षा त्याला भाजी निवडायला बसवावे.

‘भाजी संपव, मग चिक्की देते’ हे मात्र बंद करावे. लोणावळा आपल्या शेजारीच, तेव्हा घरात चिक्कीचा पुडा असायचाच! पण या सौद्याने भाजी ही शिक्षा आणि चिक्की हे बक्षीस ठरते. चिक्की चार वाजता सरळ द्यावी. चार वर्षांखालील मुलांना तीही नको. दाणा घशात अडकतो, म्हणून कुटाचा लाडू द्यावा. नाचणीचे सत्त्वही उत्तम. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते. जेवणाआधी दोन तास बिस्किटांचा डबा उघडू नये, म्हणजे निम्मे काम झाले.

आता बाईंविषयी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत आणि पाच वर्षांखालील साठ टक्क्यांहून अधिक मुलांत रक्तक्षय आढळला. आई आणि मूल दोघेही त्यात आहेत. एकच स्वयंपाक केला की आईला ताट वाढून पंगतीत बसायला वेळ मिळतो, आणि तिला मेथी खाताना मूल रोज पाहते. संध्याकाळच्या लोकलने येणाऱ्या पुरुषमंडळींनीही ‘मला ही भाजी नको’ हे निदान पोरांच्या देखत म्हणू नये, असा निरोप आपण घरी न्यावा.

चहाचा ट्रे आलेला दिसतो. जेवणाबरोबर घेतलेला चहा अन्नातले लोह अडवतो, आणि मुलांना तर तो कधीच देऊ नये. तेव्हा पोरांचे हात कपापासून दूर ठेवण्याची विनंती करून मी आपली रजा घेते.