कॅमेऱ्यासमोरची बलवान स्त्री

कुस्तीत पाठ टेकली की निकाल लागतो. शरीरसौष्ठवात चितपट नाही, धावा नाहीत, सेकंदही मोजायचे नसतात. पंचांच्या नजरेला जे दिसते त्यालाच गुण मिळतात. म्हणून या खेळात छायाचित्र म्हणजे नुसती आठवण नसते. खेळाडूच्या मेहनतीचा तोच मुख्य पुरावा. शरीरसौष्ठवपटू युजेन सँडोचे नाव एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जगभर झाले, ते त्याच्या प्रयोगांइतकेच त्याच्या छायाचित्रांमुळे. स्त्रियांची स्वतंत्र मोठी स्पर्धा व्हायला मात्र १९७९ साल उजाडले. त्या वर्षी लॉस एंजेलिसला लिसा लायन जिंकली. पुढच्याच वर्षी मिस ऑलिंपिया सुरू झाली आणि पहिला किताब रेचेल मॅकलिशने मिळवला.

या खेळातल्या छायाचित्राबद्दल आधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. स्पर्धेपूर्वी कित्येक आठवडे आहार आवळून कातडीखालची चरबी उतरवलेली असते. मंचावरच्या झगझगीत दिव्यांत उजळ कातडी सपाट दिसते, म्हणून अंगाला गडद टॅन लावतात. प्रकाश बाजूने किंवा वरून आला की स्नायूंमधल्या प्रत्येक खाचेत सावली पडते आणि स्नायू उठून दिसतो. समोरून सरळ प्रकाश टाकला तर तेच दंड निम्मे भासतात. त्यात खेळाडू पोझमध्ये अंग ताठ आवळून उभी असते. म्हणजे छायाचित्रातले रूप वर्षातल्या थोड्या दिवसांचे आणि त्या दिवसांतल्याही काही क्षणांचे असते. पाहणारा ते तिचे कायमचे रूप समजतो आणि बिचकतो.

छायाचित्रकारांनी या बिचकण्याला वेगवेगळ्या प्रकारे तोंड दिले. रॉबर्ट मॅपलथॉर्पने लिसा लायनची कृष्णधवल छायाचित्रे काढली आणि १९८३ मध्ये त्यांचे ‘लेडी’ हे पुस्तक आले. त्यात ती कधी शिल्पासारखी उभी आहे, कधी नटूनथटून. बलवान शरीर देखणे असू शकते, हे त्याने दाखवले. पण त्या देखणेपणात छायाचित्रकाराची मर्जीही पुष्कळ आहे. मार्टिन शोएलर या जर्मन वंशाच्या छायाचित्रकाराची वाट निराळी. २००८ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या त्याच्या चित्रांतल्या शरीरसौष्ठवपटू स्त्रिया मंचावरची पोझ सोडून सरळ लेन्सकडे पाहतात. मेकअप आहे, खडे जडवलेली बिकिनी आहे, टॅन आहे. पण नजर जाते ती आधी डोळ्यांकडे, नंतर खांद्यांकडे. कडक आहाराने ओढलेल्या चेहऱ्यावर थकवा दिसतो, अभिमान दिसतो. चेहरा ओळखीचा झाला की शरीराला नावे ठेवणे अवघड जाते, आणि या चित्रांचे खरे मोल तिथे आहे.

आपल्याकडे, कोल्हापुरात, पुरुषाचे कमावलेले शरीर पाहण्याची सवय जुनी आहे. खासबागेचे मैदान १९१२ चे, आणि तालमींच्या भिंतींवर लंगोट लावलेल्या पैलवानांच्या तसबिरी आजही आहेत. त्या तसबिरींना कुणी उघडेवाघडे म्हणत नाही. स्त्री कॅमेऱ्यासमोर आली तेव्हा मात्र याच शहरातले वागणे वेगळे होते. बाबूराव पेंटरांच्या १९२० च्या ‘सैरंध्री’ या चित्रपटात काम करणाऱ्या गुलाबबाई आणि अनसूयाबाई यांना त्यांच्या समाजाने वाळीत टाकले होते.

ताकदीला विरोध आहे, असे म्हणावे तर तेही खरे नाही. कागल भागात ऊसतोडीच्या हंगामात बायका डोक्यावर जड मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढतात. त्यांच्या मानेच्या आणि पोटऱ्यांच्या बळाला कुणी बायकी नाही म्हणून हसत नाही. कागल तालुक्यातल्याच मुरगूडमधून नंदिनी साळोखेसारखी मल्ल तयार झाली. मार्च २०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी कुस्ती स्पर्धा झाली. प्रतीक्षा बागडीने गदा जिंकली आणि सांगली जिल्ह्याने तिचे कौतुक केले. बाईचे बळ कामाला आले किंवा गावाला गदा देऊन गेले, तर चालते. ती स्वतःच ते बळ न्याहाळू लागली, दाखवू लागली, की कपाळावर आठ्या पडतात.

त्याच मार्च महिन्यात मध्य प्रदेशातल्या रतलामला याचे टोक दिसले. शरीरसौष्ठव स्पर्धेच्या मंचावर हनुमानाची मूर्ती होती आणि तिच्यासमोर महिला स्पर्धकांनी बिकिनीत पोझ दिल्या. दृश्ये पसरल्यावर एका राजकीय पक्षाच्या कार्यकर्त्यांनी तिथे गंगाजल शिंपडले, हनुमान चालीसा म्हटली. हनुमान हे तालमीचेच दैवत. त्याच्यासमोर लंगोटातला पैलवान शतकानुशतके शड्डू ठोकत आला आहे. म्हणून देवाच्या अदबीचा मुद्दा इथे अपुरा पडतो. आक्षेप शरीर कोणाचे आहे यावर होता.

मार्च २०२५ मध्ये कर्नाटकातील चित्रा पुरुषोत्तम या शरीरसौष्ठवपटूची नवरीच्या वेषातली दृश्ये देशभर गाजली: कांजीवरम साडी, अंगभर दागिने, वेणीत गजरा, आणि ब्लाउज नसल्याने पूर्ण दिसणारे पिळदार खांदे. कौतुक झाले, टीकाही झाली. इथे बिकिनी नव्हती, मंच नव्हता. ब्लाउज सोडला तर घरोघरच्या लग्नाच्या अल्बममध्ये असतो तोच साज होता. तरीही टीका झाली, यावरून कपडे हे कारण बहुधा वरवरचे असते, असे म्हणता येते.

हे शरीर नीट पाहायला छायाचित्राखालची ओळही मदत करू शकते. वर्तमानपत्रांत कुस्तीच्या छायाचित्राखाली मल्लाचे नाव, गाव, तालीम, वजनगट असे सगळे असते. महिला शरीरसौष्ठवपटूच्या छायाचित्राखाली निदान तिचा गट तरी हवा, कारण बिकिनी, फिगर, फिजिक आणि बॉडीबिल्डिंग या गटांत पंच वेगवेगळ्या गोष्टी पाहतात. बॉडीबिल्डिंगमध्ये स्नायूंचा आकार आणि रेखीवपणा यांना मान आहे, तर बिकिनी गटात फार स्नायू असणे गुण कमी करते. एका गटात जिंकून देणारे शरीर दुसऱ्या गटात मागे पडते.