इंजेक्शनाबरोबर तपासणीही
(वार्षिक सभेत प्रशासकांनी केलेले भाषण)



वर्षाचा जमाखर्च आपणांसमोर ठेवताना त्यातील एका खर्चाविषयी सविस्तर बोलण्याची अनुमती असावी. मधुमेहासाठी इंजेक्शने घेणाऱ्या रुग्णांच्या रक्त-लघवी तपासण्यांवरील हा खर्च आहे.

१९२१ साली टोरांटो येथे इन्सुलिनचा शोध लागला आणि जानेवारी १९२२ मध्ये ते प्रथम १४ वर्षांच्या एका मुलास देण्यात आले. असंख्य जीव त्याने वाचविले. परंतु हे औषध जितके गुणकारी, तितकेच हिशेबाने घ्यावयाचे. मात्रा कमी पडली तर साखर वाढते. जास्त झाली तर ती धोक्याच्या पातळीपर्यंत उतरते.

आमच्यासारख्या हिशेबाच्या माणसांना डॉक्टरांनी हे असे समजाविले : ग्लुकोमीटरवरील आकडा म्हणजे त्या क्षणाची रोख शिल्लक, तर एचबीए१सी म्हणजे तिमाही ताळेबंद. रक्तातील लाल पेशी सुमारे १२० दिवस जगतात. त्यामुळे या तपासणीतून मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. बहुतेक प्रौढांत ती ७ टक्क्यांच्या आत असावी. वयोवृद्धांसाठी डॉक्टर ही मर्यादा सैल करतात. रक्तक्षय असल्यास हा आकडा फसवा ठरू शकतो, म्हणून हिमोग्लोबिनही पाहावे लागते.

गतवर्षी एक वयस्कर गृहस्थ पहाटे बेशुद्धावस्थेत आमच्याकडे दाखल झाले. साखर अत्यंत खाली गेली होती. इन्सुलिनची मात्रा तीच, वेळाही त्याच होत्या. मात्र रक्तातील क्रिएटिनिन वाढलेले आढळले. मूत्रपिंडे क्षीण झाली की इन्सुलिन शरीरात अधिक काळ टिकते आणि कालची योग्य मात्रा आज जास्त ठरते. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर ते शुद्धीवर आले. तेव्हा त्यांच्या पत्नींनी विचारले, “साहेब, औषध इथे सवलतीत मिळत होतं, पण तपासणीचे पैसे पुरे भरावे लागत. म्हणून दीड वर्ष तपासणी केली नाही. आमचं चुकलं का?”

या प्रश्नाचे उत्तर आम्हांस आमच्याच दरपत्रकात सापडले. चूक त्यांची नव्हती. औषधाला सवलत देऊन आम्ही समाधान मानले होते आणि त्या औषधावर नजर ठेवणारी तपासणी रुग्णाच्या खिशावर सोडली होती.

विश्वस्त मंडळाच्या संमतीने यंदापासून दोन्ही गोष्टी एकाच सवलतपत्रावर आणल्या आहेत. उपचार बदलला असेल किंवा साखर आटोक्यात नसेल तर दर तीन महिन्यांनी, अन्यथा वर्षातून किमान दोनदा एचबीए१सी. वर्षातून एकदा क्रिएटिनिन, लघवीतील अल्ब्युमिन आणि रक्तातील चरबी. मूत्रपिंडाचा विकार असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने अधिक वेळा, असा क्रम ठरविला आहे. आठवड्यातून एकदा घ्यावयाची सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शनेही आता आपल्याकडे मिळू लागली आहेत. त्यांच्यामुळे उलट्या-जुलाब होऊन शरीरातील पाणी कमी झाल्यास मूत्रपिंडांवर ताण येतो; सोबत इन्सुलिन असल्यास साखर उतरण्याचा धोकाही वाढतो. म्हणून हे रुग्णही याच व्यवस्थेत घेतले आहेत.

उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या आणि २००६ पासून अमलात असलेल्या योजनेनुसार महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालये एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करतात. परंतु त्या योजनेच्या उत्पन्नमर्यादेच्या किंचित वर असलेली कुटुंबे तिच्या बाहेर राहतात. तपासणी टाळण्याची वेळ बहुधा त्यांच्यावरच येते. दात्यांनी आपल्या देणगीतील काही वाटा या कामासाठी राखून ठेवावा, ही नम्र विनंती. रक्ताच्या कुपीवर दात्याचे नाव कोरता येत नाही. पण टळलेल्या संकटाचे पुण्य तिच्यातही आहे.

आप्तेष्टांनो, आपल्या माणसाला घाम, थरथर वा गोंधळ जाणवला आणि साखर ७० च्या खाली असली, तर तो शुद्धीत असताना त्वरित साखरपाणी द्यावे. बेशुद्ध असल्यास तोंडावाटे काहीही न देता थेट रुग्णालयात आणावे. इन्सुलिनची मात्रा मात्र स्वतःहून बदलू नये, आणि तपासणीची तारीख चुकवू नये. पैशांची अडचण असल्यास आधी आमच्याकडे यावे.