हप्ता आधी फिटेल की बॅटरी आधी बसेल?

गेल्या महिन्यात तीन गटांनी मला एकच प्रश्न विचारला, "ताई, कर्ज काढून ई-रिक्षा घ्यावी का?" भाजी बाजाराला न्यायची, पापड-मसाले तालुक्याला पोचवायचे, डिझेलचा खर्च नको. विचार चांगला आहे. पण शोरूममध्ये रंग आणि सीट बघून परत येऊ नका. गाडीतली सगळ्यात महागडी वस्तू असू शकते ती बॅटरी. आधी तिची चौकशी करा.

स्वस्त ई-रिक्षात बहुतेक वेळा शिशाची बॅटरी असते. घरच्या इन्व्हर्टरला असते ना, पाणी घालावं लागतं, तीच जात. १८५९ साली फ्रान्समध्ये निघालेली जुनी विद्या आहे ती. किंमत कमी, पण वजन फार, आणि रोज पुरती वापरली तर साधारण वर्ष-दीड वर्षात बसते. दुसरी लिथियमची. ती १९९१ साली जपानमध्ये विक्रीला आली आणि आज तुमच्या-माझ्या मोबाइलमध्ये आहे. महाग, पण हलकी, लवकर चार्ज होणारी, आणि नीट वापरली तर कितीतरी जास्त टिकणारी.

आता हिशेब मांडा. हप्ते तीन वर्षांचे आणि बॅटरी दीड वर्षात गेली, तर नव्या बॅटरीचे पैसे कुठून आणायचे? गटाच्या बचतीतूनच ना? म्हणून दोन्ही गाड्यांची नुसती किंमत विचारू नका, तीन वर्षांचा सगळा खर्च कागदावर लिहा. मला विचाराल तर रोज चालणाऱ्या गाडीला लिथियमच परवडते.

लिथियममध्येही प्रकार आहेत. एकात निकेल-कोबाल्ट असतं. दुसऱ्यात लोखंड आणि फॉस्फेट असतं, दुकानदार त्याला एलएफपी म्हणतात. ही थोडी जड असते, पण उष्णता जास्त सोसते आणि पेट घेण्याचा धोका कमी. आपला एप्रिल-मे आठवा म्हणजे कळेल मी हे का सांगते. २०२२ मध्ये देशात ठिकठिकाणी इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्या, त्यानंतर सरकारने बॅटरीचे नियम कडक केले.

एकीने विचारलं, "ताई, मिठापासून बॅटरी येतेय म्हणे, मग थांबू का?" बातमी खरी आहे. मिठात जे सोडियम असतं, त्यावर चालणारी ही बॅटरी. सोडियम मुबलक आहे, लिथियमसारखं मोजक्या देशांत शोधावं लागत नाही. चीनमध्ये अशा छोट्या गाड्या रस्त्यावर आल्यात, आपल्या पुण्यातही त्यावर काम झालंय. पण तेवढीच वीज साठवायला ती जास्त जड होते, आणि आपल्या तालुक्याच्या दुकानात ती मिळायला वेळ आहे. धंदा आज तयार असेल तर तिच्यासाठी थांबू नका. आणि गिऱ्हाईकच ठरलेलं नसेल, तर कुठल्याच बॅटरीची गाडी घेऊ नका!

जुनी शिशाची बॅटरी घरात फोडू नका, भंगारवाल्यालाही अंगणात फोडू देऊ नका. शिसं लेकरांच्या मेंदूला घातक असतं. फुगलेली मोबाइल बॅटरी टोचू नका, चुलीत टाकू नका. २०२२ च्या नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांची नीट विल्हेवाट लावण्याची जबाबदारी बनवणाऱ्या कंपनीवर आहे. तेव्हा कोटेशन घ्याल तेव्हा त्यावर तीन गोष्टी लिहून घ्या: बॅटरी कुठल्या प्रकारची, वॉरंटी किती वर्षांची, आणि जुनी परत देताना किती रुपये वजा करणार.