सोलापूर ते अक्कलकोट : चाळीस किलोमीटरचे समाजदर्शन



सोलापूर ते अक्कलकोट हे अंतर सुमारे चाळीस किलोमीटरचे. मोटारीने ते तासाभरात सरते. सायकलीने अडीच-तीन तास लागतात. हा जादा वेळ वाया गेला असे ज्यांना वाटते, त्यांनी एकदा तरी या वाटेने सायकल हाकून पाहावी. १९२३ साली मुंबईहून सायकलीवर निघालेले अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा हे तरुण जगप्रदक्षिणा पुरी करून १९२८ मध्ये परतले. प्रत्येकास जग पालथे घालता येणार नाही. आपला तालुका पाहण्यास मात्र एक रविवार पुरेसा आहे.

पहाटे सिद्धेश्वरांचे दर्शन घेऊन निघावे. हे गिरणगाव चादरींसाठी जसे प्रसिद्ध, तसेच १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेल्या मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन या चार हुतात्म्यांसाठीही. त्यांना वंदन करून शहराबाहेर पडावे. कुंभारी मागे पडली की काळी राने सुरू होतात. हिवाळ्यात दुतर्फा रब्बीची ज्वारी डुलत असते. समोरचा वारा छातीवर घेताना चढ-उताराचे खरे मोल कळते. उन्हाळ्यात मात्र दहाच्या आत मुक्काम गाठावा. पाणी, शिरस्त्राण आणि मागचा तांबडा दिवा विसरू नये.

पुढे वळसंग लागते. येथे थांबल्याविना जाऊ नये. गावात पाण्यासाठी होणारी अवहेलना सोसणाऱ्या आपल्याच बांधवांनी येथे स्वकष्टाने विहीर खोदली आणि १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हस्ते ती खुली झाली. ज्या समाजाने आपल्याच माणसांना घोटभर पाणी नाकारले, त्याच्या वैभवाच्या गोष्टी या काठावर उभे राहून सांगवत नाहीत. मोटार ही विहीर मागे टाकून जाते. सायकलस्वारास तेथे उतरून क्षणभर मान खाली घालता येते.

मग अक्कलकोट येते. १८५६ साली श्री स्वामी समर्थ येथे आले आणि १८७८ मध्ये समाधिस्थ होईपर्यंत बावीस वर्षे राहिले. या सीमेवरच्या गावात मराठी आणि कानडी एकाच बाजारात, बहुधा एकाच घरात नांदतात. वटवृक्षाखाली कोणी कोणास भाषा विचारत नाही. अन्नछत्रात शेजारी कोण बसले आहे, हे न विचारता पंगत बसते.

वळसंगची विहीर आणि अक्कलकोटची पंगत एकाच रस्त्यावर आहेत. समरसतेच्या प्रवासात आपण कोठवर पोहोचलो, हे त्या दोहोंमधील अंतर सांगते. देवस्थानातील पंगत गावोगावच्या पाणवठ्यावर आणि घरोघरच्या स्वयंपाकघरात पोहोचली, तरच हा प्रवास पूर्ण झाला असे म्हणता येईल. म्हणून शाखा-शाखांतील तरुणांनी या वाटेने जावे. आणि परतताना वळसंगला पुन्हा थांबून, तेथील घरी पाणी मागून प्यावे.