चाकाखालचं गंधक

३० मे २०२४ रोजी मंगळावर क्युरिऑसिटी रोव्हरच्या चाकाखाली एक दगड फुटला. आत पिवळेधमक स्फटिक; शुद्ध गंधक! मंगळावर ते असं प्रथमच दिसलं. मग लगेच ड्रिल का नाही चालवलं? दगड लहान आणि ठिसूळ, त्याचा भुगाच झाला असता. शिवाय सुमारे नऊशे किलोची ही गाडी जरा जरी घसरली, तर खडकात गेलेलं ड्रिलचं टोक अडकणार. आणि ते सोडवायला जाणार कोण? डिसेंबर २०१६ मध्ये याच ड्रिलमध्ये बिघाड झाला, तेव्हा खोदकाम वर्षभराहून जास्त रखडलं होतं. त्यामुळे शास्त्रज्ञांनी मोह आवरला, हे बरंच केलं. १८ जूनला ड्रिल चाललं ते जवळच्या ‘मॅमथ लेक्स’ नावाच्या मोठ्या खडकावर. मोहिमेतलं हे ४१वं छिद्र.