आरसा, मलम आणि वाढतं वय

(सामुदायिक रेडिओवरील ‘गप्पा गटाच्या’ या कार्यक्रमातील भाषण)

कुणी भांडी घासता घासता ऐकत असाल, कुणी बांधावर मोबाईल ठेवून. हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढा इकडे द्या.

मी बचत गटांची समन्वयक. बैठकीत आपण बचत, कर्ज, हप्ता यावर बोलतो. पण रजिस्टर मिटलं की खऱ्या गप्पा सुरू होतात. हल्ली त्यात एक विषय हमखास निघतो. तोंडावरचे वांग कशाने जातील? केस काळे करायला काय लावतेस? अमकी क्रीम चांगली का? आज त्यावरच बोलू.

आमच्या भागातल्या एका गटात एका ताईंनी अंतर्गत कर्ज घेतलं, पाच हजार रुपये. कारण लिहिलं घरखर्च. मुलीचं लग्न दोन महिन्यांवर आलं होतं. बोलणी करायला आलेल्या पाहुण्यांपैकी कुणीतरी विचारलं, “या नवरीच्या आजी का?” ताईंचं वय 44. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी एका पार्लरमध्ये पैसे भरले. तिथून त्यांना एक डबी मिळाली. वर नाव नाही, आत काय आहे ते लिहिलेलं नाही. पंधरा दिवसांत चेहरा उजळला. लग्नात सगळ्यांनी कौतुक केलं. डबी संपली आणि लावणं थांबलं, तसा चेहरा लालबुंद झाला, आग व्हायला लागली, वांग पहिल्यापेक्षा गडद झाले. उन्हात उभं राहवेना. खुरपणीचा रोज बुडाला, हप्ता थकला. तेव्हा गटाला सगळं कळलं. त्याच म्हणाल्या, “रेडिओवर सांग, फक्त माझं नाव घेऊ नकोस.”

आता त्या डबीत काय असतं ते बघू. झटपट गोरं करणाऱ्या मलमात बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट सापडते. एक म्हणजे स्टिरॉईड. हे औषधच आहे. इसब, खाज यासाठी डॉक्टर ते थोडे दिवस देतात. पण महिनोन्‌महिने चेहऱ्यावर लावलं की कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसतात, पुरळ येतं, लव वाढते. थांबवलं की आग होते, म्हणून बाई पुन्हा लावते, आणि सवयच लागते. ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन यातलं नाव दिसलं तर ते स्टिरॉईड समजा. 2018 साली केंद्र सरकारने अशी कितीतरी मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, असं ठरवलं. तरी दुकानात ती मागितली की मिळतात. जी आधीच लावतेय तिने घाबरून एकदम बंद करू नये. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवून हळूहळू सोडावं.

दुसरी गोष्ट म्हणजे पारा. पारा कातडीतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडाला इजा करतो. केरळमधल्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांनी 2021 ते 2023 या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट आजाराचे 22 रुग्ण तपासले. त्यातल्या 15 जणांमध्ये त्या आजाराचा एक दुर्मिळ प्रकार निघाला, आणि त्या 15 पैकी 13 जण गोरं होण्याची क्रीम वापरत होते. क्रीम थांबवल्यावर बहुतेकांना उतार पडला. म्हणून चेहरा किंवा पाय सुजले, लघवीला फेस यायला लागला, तर डॉक्टरांना आपण काय लावतो ते न लाजता सांगा.

पण मैत्रिणींनो, नुसतं “लावू नका” म्हणून भागत नाही. ताई अडाणी नव्हत्या. मग त्यांनी अशी डबी का घेतली?

कारण दुखणं कातडीचं नव्हतं, त्या एका वाक्याचं होतं. “आजी का?” या प्रश्नात बाईला ऐकू येतं की तुझे दिवस संपले. मानसशास्त्रात सांगतात की माणूस स्वतःला एकटं मोजत नाही, दुसऱ्याशी तुलना करून मोजतो. पूर्वी ही तुलना जावेशी, नणंदेशी, शेजारणीशी व्हायची. त्या सगळ्या आपल्यासारख्याच उन्हात राबणाऱ्या. आता तुलना मोबाईलमधल्या चेहऱ्याशी होते, आणि तो चेहरा फिल्टरने गुळगुळीत केलेला असतो. आपलाच फिल्टरमधला फोटो बघून आरशात बघितलं की आपलाच चेहरा परका वाटतो.

जाहिरातही हेच ओळखते. ती क्रीम विकते, पण दाखवते काय? नोकरी, लग्न, नवऱ्याचं लक्ष. गोरेपणाची आपल्या देशातली सगळ्यात गाजलेली क्रीम 1975 साली बाजारात आली. 2020 मध्ये तिच्या नावातला गोरेपणा काढला गेला. नाव बदललं, पण आपल्या मनातलं “गोरी ती चांगली” बदललं का, ते आपणच बघायचं.

शहरात सुरकुत्या घालवण्याची इंजेक्शनं घेतात. त्यांनी चेहऱ्याचे स्नायू सैल पडतात, पण असर तीन-चार महिन्यांचा. मग पुन्हा पैसे, पुन्हा सुई. असे उपचार केलेल्यांमध्ये दोन प्रकार दिसतात. जिला माहीत असतं की एक डाग कमी होईल, बाकी आयुष्य तेच राहील, ती बहुधा समाधानी असते. जिला वाटतं चेहरा बदलला की नवरा नीट बोलेल, सासरी मान मिळेल, तिच्या पदरी निराशा येते. आणि जी दिवसाचे तास आरशापुढे घालवते, कुणाला न दिसणारा दोष जिला सतत छळतो, घराबाहेर पडणं नको वाटतं, तिला मनाच्या डॉक्टरांची गरज असते. तो खराच आजार आहे, नखरा नाही.

म्हणजे नटायचंच नाही का? तसं मुळीच नाही. केसांना मेंदी लावा, गजरा माळा, आवडीची साडी नेसा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे 2022 मध्ये ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. त्या ठरावातून आपण एक शिकू. बाईने कसं दिसायचं हे दुसऱ्यांनी ठरवणं चूक. तू नटू नकोस हे जसं चूक, तसंच तू तरुणच दिसलं पाहिजेस हेही चूक.

आता एक गोष्ट नीट ऐका. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या एका छोट्या गावात पन्नाशीच्या पुढच्या 660 माणसांना विचारलं होतं, म्हातारपणाबद्दल तुम्हाला काय वाटतं? मग कोण किती जगलं याची तेवीस वर्षांची नोंद बघितली. 2002 मध्ये बेका लेव्ही या संशोधक बाईंनी ते छापलं. वाढत्या वयाकडे चांगल्या नजरेने बघणारे इतरांपेक्षा सरासरी साडेसात वर्षं जास्त जगले. मुळात तब्येत कशी होती, हे लक्षात घेऊनसुद्धा. एका अभ्यासावरून सगळं ठरत नाही, पण आपल्या घरात बघा. “आता काय, वय झालं” म्हणणारी आजी मोतीबिंदू काढून घेत नाही, गुडघ्याचं दुखणं सांगत नाही, पडलेल्या दातांनी भाकरी गिळते. म्हातारपण म्हणजे निकामी होणं, ही एकच भीती एकीला नको ती डबी घ्यायला लावते आणि दुसरीला हवा तो इलाज घेऊ देत नाही.

आता कामाचं सांगते.

बिनानावाची, बिनातारखेची, आत काय ते न लिहिलेली डबी घरात आणू नका. “आठ दिवसांत गोरं” असं कुणी सांगितलं तर उठून या.

वांग ऊन, बाळंतपण आणि काही वेळा गोळ्या यांमुळे येतात. ते हळूहळू फिके होतात. उन्हापासून जपणं हाच पहिला इलाज. दंडाच्या आतली कातडी आणि चेहऱ्याची कातडी शेजारी ठेवून बघा. वय दोघींचं एकच, फरक उन्हाचा. म्हणून डोक्यावर पदर किंवा टोपी, आणि भर दुपारचं काम सकाळ-संध्याकाळवर नेता आलं तर न्या.

खरी मेंदी केस तांबूस करते. लगेच काळे झाले तर त्यात रसायन आहे. आधी कानामागे थोडी लावून दोन दिवस बघा. खाज, सूज आली तर नको.

मिश्री सोडा. ती तंबाखूच आहे. दात काळे करते आणि तोंडाचा कर्करोग देते.

पाळी जायच्या वयानंतर हाडं झपाट्याने ठिसूळ होतात. नाचणी, दूध, तीळ, पालेभाजी ताटात हवी, आणि वर्षातून एकदा रक्तदाब, साखर, डोळे तपासून घ्या.

शेवटचं काम गटासाठी. पुढच्या बैठकीत रजिस्टर मिटल्यावर प्रत्येकीने दोन गोष्टी सांगायच्या. वय वाढल्यामुळे मला काय जमायला लागलं, आणि वयाचं कारण देऊन मी कोणता इलाज टाळलाय. दुसऱ्या गोष्टीची यादी करा. कर्ज द्यायचंच तर आधी त्या यादीला द्या. आमच्या त्या गटाने हे केलं. पहिला चष्मा आला तो 62 वर्षांच्या खजिनदार आजींचा. आता हिशेब त्या स्वतः वाचतात, आणि आमच्या चुका काढतात!

ताईंचा चेहरा डॉक्टरांच्या औषधाने बराच निवळलाय. हप्तेही सुरू झालेत. आता कुणी नवी डबी आणली की पहिल्यांदा त्याच हातात घेऊन विचारतात, “नाव कुठाय हिच्यावर?” हा प्रश्न तुमच्याही गटात विचारला जावा, एवढंच मागणं.

नमस्कार. तब्येतीला जपा.